ऑफिसातून काट्याचा संगणक दिसत नाही: दोन नेटवर्कांमधला बिघाड कसा शोधायचा

ऑफिसात इंटरनेट चालू, वजनकाट्याच्या केबिनमध्येही चालू. तरी काट्याच्या संगणकावरून ऑफिसातला टॅलीचा सर्व्हर उघडत नाही, आणि मालकाला ऑफिसात बसून यार्डातले कॅमेरे दिसत नाहीत. हिंगणघाट, वणी, पांढरकवडा, दर्यापूर या पट्ट्यातल्या जिनिंगमध्ये कापसाच्या गाड्या लागायला लागल्या की ही तक्रार हमखास येते. मग कोणीतरी राउटर बंद-चालू करतो, त्यानं भागलं नाही तर टाचणीनं रिसेट करतो. रिसेट केल्यावर जी काही मांडणी शिल्लक होती तीही जाते. तेव्हा टाचणी बाजूला ठेवा.

दोन वेगळ्या नेटवर्कांतल्या यंत्रांमध्ये बोलणं होण्यासाठी दोन रस्ते लागतात, एक जाण्याचा आणि एक परतीचा. लोक जाण्याचा तपासतात आणि थांबतात. बिघाड बहुतेक वेळा परतीच्या रस्त्यात असतो. पुढची सगळी तपासणी त्यासाठीच आहे.

खालच्या आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. संगणकावर टाइप करताना इंग्रजी अक्षरं आणि इंग्रजी अंकच वापरायचे.

आधी कागद घ्या

कुठलं यंत्र कुठल्या पत्त्यावर आहे हे कागदावर नसेल तर तपासणी म्हणजे अंधारात चाचपडणं. या लेखापुरती मांडणी अशी धरू.

ऑफिस: नेटवर्क १९२.१६८.१०.०, मास्क (पत्त्याचा किती भाग नेटवर्काचा हे सांगणारा आकडा) २५५.२५५.२५५.०. राउटर १९२.१६८.१०.१, टॅलीचा सर्व्हर १९२.१६८.१०.५, मुनीमजींचा संगणक १९२.१६८.१०.२०. फायबरचं इंटरनेट याच राउटरला येतं.

काटा: नेटवर्क १९२.१६८.२०.०, मास्क तोच. राउटर १९२.१६८.२०.१, काटापावतीचा संगणक १९२.१६८.२०.१५, कॅमेऱ्यांचा डीव्हीआर १९२.१६८.२०.५०.

मधला दुवा: यार्डावरून ५ गिगाहर्ट्झच्या दोन रेडिओंची जोडी. नेटवर्क १९२.१६८.९९.०, मास्क २५५.२५५.२५५.२४८. ऑफिसच्या राउटरचं या बाजूचं टोक १९२.१६८.९९.१, काट्याच्या राउटरचं १९२.१६८.९९.२, रेडिओंचे स्वतःचे पत्ते ३ आणि ४. पुष्कळ जण दुव्याला २५५.२५५.२५५.२५२ मास्क देतात. त्यात वापरायला दोनच पत्ते मिळतात, रेडिओंना जागा उरत नाही आणि पुढे रेडिओची सेटिंग उघडायची वेळ आली की पंचाईत होते.

तांब्याची केबल १०० मीटरच्या पुढे नेऊ नका. ऑफिस ते काटा अंतर त्याहून जास्त असेल तर रेडिओ किंवा फायबर. उघड्या यार्डातून तांबं ओढलं की मे-जूनमधल्या कडकडाटात दोन्ही टोकांची पोर्टं जळतात, त्यामुळे जमत असेल तर फायबरच चांगलं.

दुसरं नेटवर्क हवंच होतं का?

हा प्रश्न आधी विचारा, कारण निम्मे घोळ इथेच मिटतात. अनेक ठिकाणी दुसरं नेटवर्क कोणी मुद्दाम केलेलंच नसतं. वायफाय पोचत नव्हतं म्हणून बाजारातून एक राउटर आणला, ऑफिसकडून आलेली केबल त्याच्या वॅन पोर्टात (बाहेरच्या बाजूच्या खाचेत) खोचली, वायफाय आलं, काम झालं. पण त्या क्षणी त्या राउटरच्या मागे वेगळं नेटवर्क तयार झालं, आणि त्यातली सगळी यंत्रं एकाच पत्त्याआड लपली.

ओळखायचं कसं? नव्या राउटरच्या स्टेटस पानावर वॅनचा पत्ता बघा. तो ऑफिसच्याच नेटवर्कातला, म्हणजे १९२.१६८.१०.३४ असा काही असेल तर हाच प्रकार. लक्षणही ठरलेलं: काट्यावरून ऑफिसातलं सगळं उघडतं, ऑफिसातून काट्यावरचं काहीच उघडत नाही.

एकूण दहा-पंधरा यंत्रं असतील तर राउटिंगच्या (एका नेटवर्कातून दुसऱ्यात रस्ता दाखवण्याच्या) फंदात पडू नका, एकच नेटवर्क ठेवा. नव्या राउटरची सेटिंग उघडा, त्याचा लॅन (आतल्या बाजूचा) पत्ता १९२.१६८.१०.२ करा, नव्या पत्त्यावर पुन्हा लॉगिन करून डीएचसीपी (यंत्रांना आपोआप पत्ते वाटणारी सोय) बंद करा, आणि त्यानंतरच केबल वॅनमधून काढून लॅन पोर्टात लावा. तो २ नंबर ऑफिसच्या राउटरच्या डीएचसीपी यादीबाहेर असू द्या. क्रम महत्त्वाचा आहे. डीएचसीपी चालू ठेवून केबल लॅनमध्ये लावली तर एका नेटवर्कात दोघं पत्ते वाटायला लागतात. काही संगणकांना चुकीचा गेटवे (नेटवर्काबाहेर नेणाऱ्या राउटरचा पत्ता) मिळतो, काहींना बरोबर, आणि मग 'कधी चालतं, कधी नाही' अशी तक्रार येते. ती शोधायला फार वेळ खाते.

वेगळं नेटवर्क ठेवायला खरी कारणंही असतात: कॅमेऱ्यांची वाहतूक हिशोबाच्या संगणकांपासून दूर ठेवायची आहे, मजुरांना आणि ड्रायव्हरांना वायफाय द्यायचं पण टॅलीपर्यंत पोचू द्यायचं नाही, किंवा दोन इमारतींना दोन वेगळ्या इंटरनेट लाइनी आहेत. असं असेल तर पुढे वाचा.

दोन्हीकडे एकच नंबर

एका तालुक्यात दोन पिंपळगाव असले आणि पाकिटावर नुसतं पिंपळगाव लिहिलं तर ते जवळच्या पिंपळगावातच पडून राहतं. दोन्ही बाजूंना १९२.१६८.१ चंच नेटवर्क असेल तर हेच होतं. संगणकाला वाटतं की समोरचा आपल्याच गावात आहे, तो पॅकेट (माहितीचं पाकीट) राउटरकडे देतच नाही. राउटरमध्ये कितीही राउट (रस्त्याच्या नोंदी) टाका, उपयोग नाही. एका बाजूचा नंबर बदलावाच लागतो.

असं वारंवार होतं, कारण राउटर कारखान्यातून ठरावीक नंबर घेऊन येतात. टीपी-लिंक ० किंवा १, डी-लिंक बहुतेक ०, जिओफायबर २९, मायक्रोटिक ८८. मोबाइलच्या यूएसबी टेदरिंगला किंवा हॉटस्पॉटला जोडलेला संगणकही असाच नकळत दुसऱ्या नंबरात जातो. म्हणून स्वतःच्या जागेसाठी हे नंबर टाळा. १०, २०, ३० असे ठरवून द्या.

यंत्राजवळ बसून

आता तपासणी. काट्याच्या संगणकावर कमांड प्रॉम्प्ट उघडा:

आयपीकॉन्फिग /ऑल

चार गोष्टी बघायच्या. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर यंत्राला डीएचसीपीकडून पत्ताच मिळालेला नाही. केबल, स्विच, डीएचसीपी बघा, राउटिंगचा प्रश्न अजून आलेलाच नाही. गेटवे रिकामा असेल तर नेटवर्काबाहेर काहीच जाणार नाही. गेटवे संगणकाच्याच नेटवर्कातला हवा. पत्ता २० चा आणि गेटवे १० चा असं चालत नाही. आणि मास्क.

मास्ककडे नीट बघा, कारण ही चूक फसवी आहे. काट्याच्या संगणकावर २५५.२५५.२५५.० ऐवजी २५५.२५५.०.० पडलं, तर १९२.१६८ ने सुरू होणारे सगळे पत्ते त्याला शेजारी वाटतात. टॅलीच्या १९२.१६८.१०.५ साठी तो राउटरला विचारत नाही, आपल्याच तारेवर 'कोण आहे १०.५?' अशी हाक मारत बसतो. उत्तर कुठून येणार? इंटरनेट मात्र झकास चालतं, कारण बाहेरचे पत्ते १९२.१६८ ने सुरू होत नाहीत. 'नेट चालतंय म्हणजे सेटिंग बरोबर आहे' हा निष्कर्ष इथे साफ चुकतो.

डीव्हीआर आणि अंगठ्याच्या हजेरी मशीनचं वेगळंच. बसवणारा माणूस पत्ता टाकतो आणि गेटवे तसाच सोडतो, रिकामा किंवा कारखान्याचा. त्याच केबिनमधल्या संगणकावर कॅमेरे दिसतात, म्हणून कोणाला शंका येत नाही. ऑफिसातून पाठवलेली विनंती डीव्हीआरपर्यंत पोचतेसुद्धा, पण उत्तर कोणाकडे द्यायचं हे त्याला माहीत नसतं. डीव्हीआरच्या नेटवर्क मेनूत गेटवे १९२.१६८.२०.१ टाका. ऑफिसातून कॅमेरे न दिसण्याचं हे सगळ्यात साधं आणि सगळ्यात जास्त आढळणारं कारण आहे.

पिंगचं उत्तर कोण देतंय ते वाचा

पिंग ही समोरच्याला हाक मारून उत्तर येतं का ते बघणारी आज्ञा. पिंग करायचं जवळून लांब: आधी स्वतःचा गेटवे, मग दुव्याचं जवळचं टोक, मग लांबचं टोक, मग समोरचा गेटवे, शेवटी समोरचं यंत्र. काट्यावरून क्रम असा (सुरुवातीचं १९२.१६८ गाळून): २०.१, ९९.२, ९९.१, १०.१, १०.५. जिथे पहिल्यांदा अडलं तिथे थांबा.

पिंग अडलं की उत्तराची ओळ पूर्ण वाचा. 'चालत नाही' एवढं फोनवर सांगणं कामाचं नाही.

'डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल' आलं आणि त्या ओळीत पत्ता आपलाच असेल, तर आपल्याच संगणकाला समोरचा, किंवा मग गेटवे, तारेवर सापडला नाही. मास्क, केबल, गेटवे बघा. तेच उत्तर एखाद्या राउटरच्या पत्त्यावरून आलं तर पॅकेट तिथपर्यंत गेलं आणि तिथे अडलं. त्या राउटरला पुढचा रस्ता माहीत नाही किंवा शेवटचं यंत्र बंद आहे. 'टीटीएल एक्स्पायर्ड इन ट्रान्झिट' म्हणजे पॅकेट दोन राउटरांमध्ये गरगर फिरतंय. 'जनरल फेल्युअर' म्हणजे संगणकाचंच नेटवर्क कार्ड बंद किंवा पत्ता नाही.

'रिक्वेस्ट टाइम्ड आउट' हे सगळ्यात कमी सांगणारं उत्तर. पॅकेट गेलं, परत काही आलं नाही, एवढंच. वाटेत हरवलं, परतीचा रस्ता नाही, की समोरच्या फायरवॉलनं (नको ती पॅकेटं अडवणाऱ्या गाळणीनं) गिळलं, यातलं काहीही असू शकतं.

विंडोजची एक खोड: 'अनरीचेबल' ही उत्तरंही तो 'रिसीव्ह्ड' मध्ये मोजतो. खाली शून्य टक्के लॉस दिसतो आणि माणूस समजतो की झालं चालू. आकडा बघू नका, ओळ बघा.

पिंग लागलंच तर टीटीएलचा (पॅकेट अजून किती राउटर ओलांडू शकतं याचा) आकडाही बघा. विंडोज १२८ पासून सुरू करतो, लिनक्सवरची यंत्रं बहुधा ६४ पासून, आणि प्रत्येक राउटर एक कमी करतो. आपल्या मांडणीत मध्ये दोन राउटर, म्हणजे ऑफिसातून काट्याच्या विंडोज संगणकाला पिंग केल्यावर १२६ यायला हवा. १२८ आला तर उत्तर देणारा आपल्याच नेटवर्कात बसलाय, कोणीतरी तोच पत्ता घेतलाय. १२५ आला तर कागदावर नसलेला एक राउटर मध्ये आहे.

परतीचा रस्ता

काट्याच्या राउटरला डीफॉल्ट राउट (नेमकी नोंद नसेल तेव्हाचा रस्ता) ९९.१ कडे आहे, म्हणून काट्यावरून निघालेलं प्रत्येक पॅकेट ऑफिसच्या राउटरपर्यंत पोचतं. ऑफिसच्या राउटरला मात्र २० चं नेटवर्क कुठे आहे हे कोणी सांगितलंच नसेल, तर त्याचा डीफॉल्ट इंटरनेटकडे. टॅलीच्या सर्व्हरनं दिलेलं उत्तर तो फायबरवरून कंपनीकडे पाठवून देतो. १९२.१६८ हे खाजगी पत्ते, इंटरनेटवर त्यांना कोणी वाट देत नाही. उत्तर तिथेच मरतं.

हे पकडायचं दोन्ही टोकांवरून, ट्रेसर्टनं. ही आज्ञा वाटेतले राउटर एकेक पायरी करून दाखवते. ऑफिसच्या संगणकावर:

ट्रेसर्ट -डी १९२.१६८.२०.१५

'-डी' लावल्यानं तो नावं शोधत बसत नाही, पटकन संपतो. पहिली पायरी १९२.१६८.१०.१ आणि दुसरी ९९.२ यायला हवी. दुसऱ्या पायरीला इंटरनेट कंपनीचा पत्ता आला, नंतर नुसते तारे, तर झालं निदान: ऑफिसच्या राउटरमध्ये राउट नाही.

काट्यावरून ट्रेसर्ट केला तर याच बिघाडात वेगळं चित्र दिसतं. पहिली पायरी २०.१ येते, दुसरीपासून तारेच तारे. बघणाऱ्याला वाटतं की पॅकेट दुव्यावरच अडतंय, आणि तो रेडिओ उतरवायला शिडी मागवतो. खरं तर पॅकेट पोचतंय. ऑफिसचा राउटर काट्याला 'मी इथे आहे' हे कळवू शकत नाही, कारण परतीचा राउट त्याच्याकडेच नाही. ताऱ्यांवरून जागा ठरवायची नसते. दोन्ही बाजूंनी ट्रेसर्ट केल्याशिवाय शिडीला हात लावू नका.

उपाय: ऑफिसच्या राउटरमध्ये स्टॅटिक राउट, म्हणजे हातानं टाकलेली रस्त्याची नोंद. बहुतेक राउटरांत 'ॲडव्हान्स्ड' मध्ये 'राउटिंग' किंवा 'स्टॅटिक राउटिंग' असं पान असतं. नेटवर्क १९२.१६८.२०.०, मास्क २५५.२५५.२५५.०, गेटवे १९२.१६८.९९.२. गेटवेच्या जागी २०.१ टाकू नका. राउटरला थेट हात पोचतो असाच पत्ता तिथे लागतो, आणि ऑफिसच्या राउटरचा हात ९९ च्या दुव्यापर्यंतच पोचतो. फायबरवाल्यानं दिलेल्या काही डब्यांत हे पानच नसतं किंवा कुलूपबंद असतं. तेव्हा त्या डब्याच्या मागे स्वतःचा राउटर ठेवून सगळं राउटिंग त्याच्यावर घ्यायचं.

राउट टाकल्यावर काट्यावरून ऑफिस उघडेल, पण काट्यावरून इंटरनेट चालेलच असं नाही. ऑफिसच्या राउटरमधला नॅटचा (आतले पत्ते एका बाहेरच्या पत्त्याआड लपवण्याचा) नियम फक्त १० च्या नेटवर्कापुरता लिहिलेला असू शकतो. त्यात २० चं नेटवर्कही घाला.

आणखी एक फसगत. काट्याच्या राउटरच्या आत शिरून तिथून टॅलीच्या सर्व्हरला पिंग केलं, लागलं. संगणकावरून केलं, लागत नाही. मग संगणकावर संशय जातो. पण राउटर स्वतः पिंग करतो तेव्हा निघण्याचा पत्ता ९९.२ लावतो, आणि ९९ चं नेटवर्क ऑफिसच्या राउटरला थेट माहीत असतं. २० चं नसतं. म्हणून राउटरमधून तपासताना निघण्याचा पत्ता ठरवून द्या. मायक्रोटिकमध्ये:

पिंग १९२.१६८.१०.५ एसआरसी-ॲड्रेस=१९२.१६८.२०.१

हे अडलं तर संगणक निर्दोष आहे, परतीचा रस्ता शोधा.

गरगर फिरणारं पॅकेट

ट्रेसर्टमध्ये ९९.२, ९९.१, ९९.२, ९९.१ असं तीस पायऱ्यांपर्यंत दिसलं की लोक राउट चुकला म्हणून सगळं पुन्हा लिहायला घेतात. थांबा. राउट बरोबर असूनही असं होतं. काट्याच्या केबिनमधला स्विच बंद पडला किंवा केबल निघाली की राउटरचं लॅन पोर्ट मरतं, आणि अनेक राउटर त्या क्षणी २० चं नेटवर्क आपल्या तक्त्यातून काढून टाकतात. आता २० साठी आलेलं पॅकेट काट्याचा राउटर डीफॉल्टप्रमाणे ऑफिसकडे पाठवतो, ऑफिस राउटप्रमाणे परत काट्याकडे. आधी केबिनमध्ये जाऊन स्विचचा दिवा बघा. कायमचा बंदोबस्त हवा असेल तर काट्याच्या राउटरमध्ये २० च्या नेटवर्कासाठी एक ब्लॅकहोल राउट (पॅकेट टाकून देणारी नोंद) जास्त डिस्टन्सनं, म्हणजे कमी पसंतीनं, टाकून ठेवा. लॅन मेलं की पॅकेट तिथेच टाकलं जातं.

पिंग लागतं, टॅली लागत नाही

दुव्यासाठी वेगळं नेटवर्क न ठेवता काट्याचा राउटर थेट ऑफिसच्या स्विचला १९२.१६८.१०.२ म्हणून जोडलेला असेल, तर जाण्याचा आणि परतीचा रस्ता वेगळा होतो. मुनीमजींचा संगणक पॅकेट १०.१ ला देतो, तो १०.२ ला. उत्तर मात्र १०.२ कडून थेट संगणकाला येतं, १०.१ ला वगळून. पिंगला याचं काही नसतं. पण १०.१ मधल्या फायरवॉलला संभाषणाची एकच बाजू दिसते. ती पुढची पॅकेटं अवैध म्हणून टाकते. कनेक्शन सुरू होतं आणि लटकतं. म्हणून वरच्या मांडणीत ९९ चं वेगळं नेटवर्क ठेवलंय.

टॅली न लागण्याचं दुसरं कारण, ज्यात पिंगही अडतं, विंडोजची स्वतःची फायरवॉल, आणि हे फार लोकांना माहीत नसतं. फाइल आणि प्रिंटर शेअरिंगचे तयार नियम प्रायव्हेट आणि पब्लिक प्रोफाइलमध्ये फक्त 'लोकल सबनेट' ला परवानगी देतात. म्हणजे ऑफिसातून सर्व्हर उघडतो, काट्यावरून पिंगसुद्धा लागत नाही, आणि राउटिंग अगदी बरोबर असतं. सर्व्हरवर 'विंडोज डिफेंडर फायरवॉल विथ ॲडव्हान्स्ड सिक्युरिटी' उघडा, इनबाउंड रूल्समध्ये 'फाइल अँड प्रिंटर शेअरिंग' चे दोन नियम शोधा, एक 'एको रिक्वेस्ट' चा आयपीव्ही४ वाला आणि एक 'एसएमबी-इन' (शेअर केलेल्या फोल्डरचा). दोन्हींच्या 'स्कोप' मध्ये रिमोट पत्ता म्हणून १९२.१६८.२०.०/२४ जोडा. अख्खी फायरवॉल बंद करून ठेवणं हा उपाय नव्हे. शंका फेडायला मिनिटभर बंद करून बघा, पण लगेच चालू करा.

पिंगवर विसंबू नका, ज्या पोर्टावर काम चालतं ते तपासा. पॉवरशेलमध्ये:

टेस्ट-नेटकनेक्शन १९२.१६८.१०.५ -पोर्ट ४४५

शेवटी 'ट्रू' आलं तर शेअर केलेल्या फोल्डरचा रस्ता मोकळा आहे. टॅलीचं नेहमीचं पोर्ट ९०००, आणि डीव्हीआरचं कंपनीनुसार ८००० किंवा ३७७७७. सेटिंगमध्ये बघून घ्या.

आणि सर्व्हर नावानं उघडायचा प्रयत्न करत असाल तर आधी पत्त्यानं करून बघा. विंडोज नावं शोधतो ती आपल्याच नेटवर्कात हाक मारून, आणि ती हाक राउटर ओलांडत नाही. 'नेटवर्क' मध्ये संगणक दिसत नाही, प्रिंटर आपोआप सापडत नाही, डीव्हीआर शोधायचं सॉफ्टवेअर रिकामी यादी दाखवतं, हे सगळं दोन नेटवर्कांत स्वाभाविक आहे. बिघाड नव्हे.

एका संगणकाला दोन वाटा

फायबर तुटला की मुनीमजी मोबाइल यूएसबीनं जोडतात. फायबर दुरुस्त होतो, मोबाइल तसाच राहतो. आता संगणकाला दोन डीफॉल्ट गेटवे. 'राउट प्रिंट -४' टाकल्यावर ०.०.०.० च्या दोन ओळी दिसतील. ज्याची मेट्रिक (पसंतीचा आकडा) कमी तो जिंकतो. मोबाइल जिंकला तर काट्याची पॅकेटं मोबाइल कंपनीकडे जातात. टेदरिंग काढा. बॅकअप म्हणून ते लागणारच असेल तर काट्याचा राउट संगणकावर पक्का करा, ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून:

राउट -पी ॲड १९२.१६८.२०.० मास्क २५५.२५५.२५५.० १९२.१६८.१०.१

नेमका राउट डीफॉल्टच्या आधी धरला जातो, मेट्रिक काहीही असो.

दुसऱ्या गावची शाखा

पतसंस्थेचं मुख्य कार्यालय यवतमाळला, शाखा तालुक्याला, मध्ये वायरगार्डचा बोगदा (इंटरनेटवरून दोन नेटवर्कं जोडणारा व्हीपीएन), असं असेल तर तीन जागा बघा. दोन्हीकडचे नंबर वेगळे आहेत ना. 'अलाउड आयपीज' मध्ये समोरच्या बोगद्याच्या पत्त्यासोबत समोरचं अख्खं लॅन नेटवर्क आहे ना. वायरगार्डमध्ये ही यादी रस्ताही ठरवते आणि आलेल्या पॅकेटची गाळणीही करते, त्यामुळे एका बाजूला विसरलं तरी बोलणं बंद. आणि मोबाइल सिमवर किंवा अनेक फायबर लाइनींवर राउटरला मिळणारा वॅन पत्ता १००.६४ ते १००.१२७ च्या पट्ट्यात आहे का. असेल तर बाहेरून त्या बाजूला कोणी सुरुवात करू शकत नाही. बोगदा त्याच बाजूनं सुरू करा आणि 'पर्सिस्टंट कीपअलाइव्ह' २५ सेकंद ठेवा. दोन्ही शाखा अशा पट्ट्यात असतील तर एकीकडे स्थिर पब्लिक पत्ता विकत घ्यावा लागेल, नाहीतर मध्ये भाड्याचा सर्व्हर.

बोगद्यातून पिंग लागतं, लॉगिन पान येतं, पण मोठी फाइल किंवा अहवाल लटकतो, हा आकाराचा प्रश्न. विंडोजवरून:

पिंग -एफ -एल १४७२ आणि समोरचा पत्ता

१४७२ मध्ये २८ बाइटचं वेष्टन मिळवलं की १५००. साध्या पीपीपीओई (यूजरनेम-पासवर्डनं जोडायच्या) लाइनीवर १४६४ पर्यंत जातं, वायरगार्डच्या नेहमीच्या १४२० एमटीयूमध्ये (पॅकेटच्या कमाल आकारात) १३९२ पर्यंत. जो आकडा जातो त्यात २८ मिळवून तो एमटीयू बोगद्याला द्या, राउटरवर एमएसएस क्लॅम्पिंग (पॅकेटं त्या आकारात बसवणारी सेटिंग) चालू करा.

लाईन गेली की बिघाड परत येतो

सगळं जमलं, दुसऱ्या दिवशी पहाटे लाईन गेली-आली, आणि तक्रार जशीच्या तशी. याचा अर्थ राउट टाकला, पण जपला नाही. लिनक्सवर 'आयपी राउट ॲड' नं टाकलेला राउट मशीन बंद होताच पुसला जातो. तो नेटवर्कच्या फाइलमध्ये लिहावा लागतो. लिनक्स मशीनच राउटर असेल तर 'नेट.आयपीव्ही४.आयपी_फॉरवर्ड=१' ही ओळही कायमच्या फाइलमध्ये हवी. विंडोजवर '-पी' विसरलं की तेच. सिस्कोवर 'राइट मेमरी' करावंच लागतं. मायक्रोटिक आपोआप जपतो. दुव्याच्या टोकांना डीएचसीपीनं पत्ते दिले असतील तर ते बदलून राउटचा गेटवे खोटा पडतो. ९९ चे पत्ते हातानेच टाका.

मे महिन्यात दुपारी १ ते ४ मध्येच दुवा तुटत असेल तर यातलं काही उघडू नका. घरगुती राउटर साधारण ४० अंशांपर्यंत चालण्यासाठी बनवलेले असतात, आणि टिनाच्या छपराखालच्या केबिनमध्ये त्याहून कितीतरी जास्त तापतं. डबा छपरापासून खाली, पंख्याच्या वाऱ्यात आणा.

काम झाल्यावर दोन्ही केबिनचा मेन पाडा, यूपीएसही बंद करा, पाच मिनिटांनी आधी काटा आणि मग ऑफिस चालू करा. पुढच्या खेपेला उलट क्रमानं. दोन्ही वेळा काट्यावरून ४४५ वर 'ट्रू' आणि ऑफिसातून डीव्हीआरचं चित्र आलं की पैसे घ्यायला हरकत नाही. पत्त्यांचा कागद राउटरच्या डब्याच्या आत चिकटवून ठेवा, दारावर नाही.